बोरीच्या घराखालची नदी

बोट भिंतीखाली शिरली आणि पलीकडे निघाली नाही.

वेदांग भिंतीच्या अलीकडे पालथा पडून पाण्याच्या अंधाऱ्या तोंडात डोळे ताणून पाहत होता. लिओ घराला वळसा घालून मागच्या बागेत जाऊन बसला होता. घराच्या पोटातून जाणारं हे पाणी तिथे बाहेर पडायला हवं होतं.

"आली का?" वेदांगने हाक मारून विचारलं.

"बोट नाही आली," भिंतीवरून लिओचा आवाज आला. "एक पाल आली. मला बघून परत आत गेली. मे बी तिने तुझी बोट बुक केली असेल."

"व्हेरी फनी."

"आधीच्या बोटीही आतच आहेत रे. पार्किंग फुल."

ईशानी हसली नाही. पाटाच्या काठावरच्या सपाट दगडावर ती गुडघे उराशी घेऊन बसली होती. तिच्या शेजारी एक रंगीत माहितीपुस्तक पडलं होतं आणि सकाळपासून त्याची पानं एकेक करून कमी होत चालली होती. इंग्लंडमधली जुनी दगडी घरं, त्यांच्यापुढच्या लांबच लांब हिरवळी, गुलाबांचे ताटवे, नदीवर झुकलेली झाडं. वेदांग त्याच पानांच्या बोटी करत होता. पहिलं पान फाटलं तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली होती. "ते आईचं पुस्तक आहे."

"आय नो," नऊ वर्षांचा वेदांग शांतपणे म्हणाला होता. "आईला ही घरं नदीवरून बघायची होती ना? मग जाऊ दे त्यांना नदीवर."

तेव्हा तेरा वर्षांच्या ईशानीने हात मागे घेतला होता.

या मार्चच्या सुट्टीत ते सगळे इंग्लंडला जाणार होते. कोणत्या दिवशी कोणतं घर, कोणत्या बागेत डबा खायचा, कोणत्या नदीत नाव घ्यायची, हे सगळं आईने मागच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं. ऑक्टोबरमध्ये आई गेली. बाबांनी तिकिटं परत केली, आणि सुट्टी लागली तेव्हा आवाजात कसलाही चढउतार न आणता म्हणाले, "आपण नेहमीच्याच जागी जाऊ. लिओला आणि कॅरललाही घेऊ बरोबर." लिओ दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीत त्यांच्याच मजल्यावर राहायचा. त्याची आई, कॅरल आंटी, आईची जिवाभावाची मैत्रीण होती. वसईची केळी आली की अर्धा घड आधी ईशानीच्या घरी यायचा.

नेहमीची जागा म्हणजे हे घर. अल ऐनच्याही पलीकडे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी, मातीच्या जाड भिंतींचं, कोरीव लाकडी दाराचं जुनं घर. अंगणात सिद्रचा प्रचंड वृक्ष होता. त्याला लागणारी पिवळट फळं तोंडात टाकून आई पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "अगं, ही तर आपली बोरं." तेव्हापासून ते बोरीचं घर झालं. घराच्या मालकीण नबिला खाला अजून तिथेच राहत असत, आणि बाकीच्या खोल्या त्यांचा भाचा अहमद पाहुण्यांना भाड्याने देत असे.

आणि इथे पाट होता. इथले लोक त्याला फलज म्हणत. डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून, कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी खणलेल्या वाटेने यायचं, या भिंतीपाशी उजेडात यायचं आणि दगडी दुभाजकावर त्याचे दोन फाटे व्हायचे. एक फाटा शेजारच्या खजुरीच्या बागांकडे वळायचा. दुसरा थेट घराखाली शिरून मागच्या लिंबोणीच्या बागेत उतरायचा. आई राजापूरची, अर्जुना नदीच्या काठी वाढलेली. "या देशात सगळं मिळतं, नदी तेवढी मिळत नाही," असं ती दुबईत उठताबसता म्हणायची, आणि इथे आली की चपला फेकून याच दगडावर बसायची, पाय पाण्यात सोडायची. "ही बघा माझी नदी. अंगाने बारीक आहे, पण नदीच."

यंदा तिची नदी आटली होती.

शेजारच्या फाट्यात पाणी भरभरून वाहत होतं. घराच्या फाट्यात मात्र ते नुसतं थबकलं होतं, भिंतीखाली अगदी मंदपणे, आजारी माणसाने जिना चढावा तसं सरकत होतं. मागच्या बागेत तर थेंबही नव्हता. पाटाचा तळ भेगाळला होता. लिंबोणीची पानं आत वळून पिवळी पडली होती, आणि मार्चमध्ये जिथे फुलांच्या वासाने श्वास भरून यायचा तिथे नुसती धूळ होती. माळी यूनुस महिनाभराच्या रजेवर त्याच्या गावी गेला होता. अहमदने पाटात एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. त्याने सकाळी न्याहारीच्या वेळी फोनवरची नजर न काढता जाहीर केलं होतं, "फलज खलास. बूढ़ा हो गया. आज दोपहर को काँक्रीट आएगा, पूरा बंद. ऊपर डेक बनाएँगे, फोटो के लिए. बाग के लिए मोटर है."

काँक्रीट एकदा पडलं की ते पुन्हा निघणार नव्हतं. सकाळपासून ईशानी या दगडावरून उठली नव्हती, ती त्यासाठीच.

लिओ भिंतीला वळसा घालून परत आला. त्याच्या केसांत कोळ्याचं जाळं अडकलं होतं.

"ऐक," तो तिच्यासमोर मांडी ठोकून बसला. "जो पाट आटतो तो सगळीकडे आटतो. शेजाऱ्यांकडे पाणी धो धो आहे. इथे आत शिरतंय थोडं, बाहेर निघतंय शून्य. म्हणजे म्हातारा वगैरे काही झालेला नाही. पोट दुखतंय त्याचं. मधे काहीतरी अडकलंय."

ईशानीने पहिल्यांदाच मान वर केली. "अडकलेलं काढता येतं."

"काढता येतं. पण घर फोडून नाही."

"मोठ्यांना सांगू या," वेदांग म्हणाला.

मोठ्यांना सांगण्याचा प्रयोग फार वेळ चालला नाही. अहमद अंगणात येरझाऱ्या घालत फोनवर कुणाशी तरी डेकच्या लाकडाबद्दल बोलत होता. त्याने त्यांचं अर्धंच ऐकलं आणि वेदांगच्या डोक्यावर थोपटून म्हणाला, "इन्शाल्ला, हबीबी, इन्शाल्ला." इथे वाढलेल्या मुलांना या इन्शाल्लाचा अर्थ कळत होता: होणार नाही. कॅरल आंटी म्हणाल्या, "लिओ, पहिलं ते जाळं काढ डोक्यातून, आणि उन्हात टोपी घाल."

बाबा व्हरांड्यात पुस्तक उघडं धरून बसले होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"बाबा, पाटात काहीतरी अडकलंय. आपण अहमदला थांबायला सांगू या ना. निदान उद्यापर्यंत."

बाबांच्या बोटांखाली पुस्तकाचं पान दुमडलं. "ईशू, तो त्यांचा पाट आहे. त्यांचं ते बघतील. तू नको त्या पाण्याच्या नादाला लागूस."

आवाज चढला नव्हता, तरी त्यात अशी एक घाई होती की ईशानी दोन पावलं मागे सरली. काल संध्याकाळी आल्यापासून बाबा एकदाही पाटाकडे फिरकले नव्हते, हे तिला तेव्हा जाणवलं. आई जिथे बसायची तो दगड त्यांना बघवत नसेल, असं तिने मनाला सांगितलं. तिला स्वतःला तरी कुठे बघवत होता? म्हणून तर ती त्यावर बसून राहिली होती. बसलं की तो दिसत नाही.

उरल्या नबिला खाला. त्या बैठकीच्या खोलीत गालिच्यावर लोडाला टेकून बसल्या होत्या. लहानपणापासून कानावर पडलेली हिंदी त्या हळूहळू, शब्द निवडून बोलत.

"खाला," ईशानीने विचारलं, "भिंतीखाली गेलेलं पाणी घरात नक्की कुठून जातं?"

नबिला खालांनी गालिच्यावर तळवा ठेवला, जणू अजूनही खालून काही जाणवेल. "तिकडच्या खोलीतून. माझी आई बाहेर पाणी भरायला जात नसे. पाणीच घरात यायचं. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही बहिणी तिथेच पायऱ्यांवर बसायचो, गुडघ्यापर्यंत पाण्यात." त्या थांबल्या. "मग नळ आला. मग अहमदच्या खुर्च्या आल्या."

"झाकण आहे?" लिओने विचारलं.

"खजुरीच्या फळ्यांचं. खुर्च्यांच्या खाली असेल. ढूँढोगे तो मिलेगा."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. काँक्रीट ठरल्याहून लवकर आलं होतं.

पिकअपमधून उतरलेला मुकादम ठेंगणा, रुंद खांद्यांचा होता, आणि कडक उन्हातही त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. मागच्या गाडीत मिक्सर होता. अहमद लगबगीने पुढे गेला. "यल्ला, यल्ला, काम शुरू."

ईशानीने खालांनी सांगितलेल्या खोलीकडे पाहिलं. झाकण शोधायला, उघडायला वेळ लागणार होता. आणि वेळ तर दारात उभा राहून बाही सरसावत होता.

वेदांग तिच्या कानाशी आला. "ताई, काल खालांनी मला काय शिकवलं?"

"काय?"

"गहवा ओतायला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लिओने वेदांगच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

या घराची एक रीत होती. दारात आलेला माणूस कोणीही असो, आधी बैठकीत बसतो आणि गहवा घेतो. ती वेलदोड्याची, कडवट, सोनेरी कॉफी घरातल्या धाकट्याने ओतायची. इवलासा कान नसलेला प्याला, त्यात घोटभरच. पाहुण्याने प्याला रिकामा केला की पुन्हा भरायचा, आणि पुन्हा. पाहुण्याला पुरे झालं की तो रिकामा प्याला बोटांत धरून जरासा हलवतो. तो हलेपर्यंत ओतणाऱ्याने थांबायचं नाही. आणि यजमानाने पाहुण्याला 'आता पुरे' असं सुचवायचं नाही, त्याच्या आधी उठायचंही नाही. काल वेदांगने हे सारे नियम खेळाचे असावेत तसे पाठ केले होते.

"खाला," वेदांग मोठ्याने म्हणाला, "मेहमान आए हैं."

नबिला खालांनी मुलाच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दाराकडे वळून त्या मालकिणीच्या आवाजात म्हणाल्या, "अहमद, मेहमान को अंदर बिठाओ."

अहमदने घड्याळाकडे पाहिलं, खालांकडे पाहिलं, आणि चपला काढल्या.

मुकादमाचं नाव दगडू होतं. तो मंगळवेढ्याचा होता, या देशात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता, आणि समोरचा मुलगा मराठी बोलतो हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"अजून थोडी?" वेदांगने आदबीने विचारलं.

"द्या की," दगडू म्हणाला. दिलेलं नाकारायचं नाही, एवढंच त्याला माहीत होतं. त्याने प्याला रिकामा करून पुढे धरला. प्याला भरला. त्याने तो रिकामा केला. प्याला पुन्हा भरला. अहमदचा स्वतःचा प्याला केव्हाच हलवून झाला होता. त्याने घसा खाकरला. वेदांगने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"बाळा, ही कॉफी आहे का काढा?" दगडूने हळूच विचारलं.

"दोन्ही," वेदांग म्हणाला आणि ओतली.

तिकडे ईशानी आणि लिओ अडगळीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांचा डोंगर एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवत होते. त्याखाली चटई होती, चटईखाली वाळू, वाळूखाली फळ्या. लिओने बोटं खुपसून एक फळी उचलली. खालून थंड, मातकट श्वास वर आला.

"इथे आहे," तो कुजबुजला.

खाली दगडी पायऱ्या अंधारात उतरत होत्या. लिओने फोनचा दिवा धरला. ईशानी पहिली उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, गार आणि जवळजवळ निश्चल. दिव्याच्या उजेडात तिला आधी बोटी दिसल्या. वेदांगच्या सगळ्या बोटी एका ठिकाणी, एकमेकींना टेकून, भिजून जड झालेल्या. एकीवर अजून एक दगडी घर स्पष्ट दिसत होतं, त्याच्या कित्येक खिडक्या आणि पुढचं हिरवं कुरण. त्या बोटींच्या पुढे वाळक्या झावळ्यांचा, चिखलाचा आणि पाल्याचा बांध झाला होता. पाट तिथेच अरुंद होऊन मागच्या भिंतीखाली शिरत होता, आणि त्याचा घसा पुरता बंद झाला होता.

"झावळ्या," लिओ म्हणाला. "बस एवढंच? खेच."

दोघांनी खेचलं. झावळ्या सुटल्या, पाला सुटला. बांध सुटला नाही. आत आणखी काही होतं, घट्ट, गच्च बसलेलं. ईशानीने कोपरापर्यंत हात घातला. तिच्या बोटांना कापड लागलं.

कापड ओढत ओढत दिव्याजवळ आलं आणि तिचा हात थांबला.

चिखलाखालून मोरपंखी रंग दिसत होता. काठावर बारीक पांढरी रुईफुलं. ही सुती साडी आई दर शनिवारी सकाळी नेसायची, कारण शनिवारी तिला कुठे जायचं नसायचं. पदराला कुठेतरी इस्त्रीचा तांबूस डाग असणार, हे ईशानीला पाहण्याआधीच माहीत होतं. तो होता.

लिओने दिवा आणखी जवळ धरला. तोही ती साडी ओळखत होता.

ईशानीने गाठ सोडली. आत कुंडीतल्या मातीच्या ढेकळासकट एक रोप होतं, काटक्या झालेलं, एकही पान नसलेलं. टोकांना मंजिऱ्या मात्र अजून होत्या, काळ्या पडलेल्या. तिने त्यातली एक चिमटीत चुरगळली. वास जवळजवळ उरला नव्हता. जवळजवळ.

"ही तुळस शारजाच्या काकूंकडे आहे," ती म्हणाली. आपला आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा तिला वाटला. "बाबा म्हणाले होते, काकूंकडे दिली. तिकडे ऊन चांगलं मिळतं म्हणून."

बाल्कनीतली तुळस. तिला कुणी पाणी घातलेलं ईशानीने कधी पाहिलं नव्हतं, कारण एसीची पाण्याची नळी आईने त्याच कुंडीत सोडली होती. दुबईचा उन्हाळा लांब. एसी दिवसरात्र चालायचा आणि थेंब थेंब पाणी तुळशीला मिळत राहायचं. तुळस आपली आपण जगते, असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. पण नोव्हेंबरच्या शेवटी एसी बंद होतात. मग आई काय करत असेल? मग ती रोज सकाळी, बाकीचे झोपेत असताना, तांब्या घेऊन बाल्कनीत जात असेल. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नसेल. यंदाही एसी बंद झाले. तांब्या मात्र कुणी उचलला नाही.

आणि वाळलेली तुळस कचऱ्यात टाकत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. समुद्र खारा. नदी कुठून आणायची? फेब्रुवारीत बाबा एका रविवारी एकटेच गाडी घेऊन गेले होते. "ऑफिसचं काम," म्हणाले होते. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना तांबडी माती होती.

"आपण झावळ्याच होत्या म्हणून सांगू," लिओ म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

ईशानीने गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आणि तेव्हा तिच्या पायांना ओढ जाणवली. आधी हलकी, कुणी पाऊल चाचपावं तशी. मग पाण्याने एक खोल घोट घेतला, भोवरा फिरला, बोटी एकामागून एक वळल्या आणि भिंतीखालच्या काळोखात निघून गेल्या. पाट वाहू लागला होता. तो आवाज ईशानीला पाठ होता. त्या आवाजात आई पाय हलवत बसायची.

लिओ आनंदाने ओरडणार होता. तिच्याकडे पाहून त्याने तोंड मिटलं आणि तिला वर यायला हात दिला.

ते बागेत पोचले तेव्हा पाणी त्यांच्या आधी पोचलं होतं. भेगाळलेल्या तळावरून ते मातीचा फेस पुढे ढकलत येत होतं, प्रत्येक भेगेपाशी थांबत होतं, तिची तहान भागेपर्यंत थांबत होतं आणि मग पुढे सरकत होतं. पाण्याचा आवाज ऐकून बैठकीतले, व्हरांड्यातले सगळे बाहेर आले. पुढे अहमद, त्याच्यामागे कपाळावरचा घाम पुसणारा दगडू, हातात अजून गहव्याची सुरई धरलेला वेदांग, नबिला खालांचा हात धरून कॅरल आंटी. बाबा सगळ्यांत मागे होते.

अहमद पाण्याकडे पाहतच राहिला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "किसने बंद किया था? क्या था अंदर?" त्याची नजर पाण्याबरोबर वाहून आलेल्या बोटीच्या एका तुकड्याकडे गेली. "ये काग़ज़?"

"नो," वेदांग म्हणाला. "माझ्या बोटी आजच्या आहेत. बाग कधीची वाळलीये."

"फिर?"

सगळ्यांचं लक्ष ईशानीच्या हातातल्या ओल्या गाठोड्याकडे गेलं. लिओ एक पाऊल पुढे सरला.

"माझं आहे," तो म्हणाला. "टॉवेल. काल आम्ही... माझ्या हातून पडला."

"लिओ," कॅरल आंटी म्हणाल्या. त्यांनीही साडी ओळखली होती. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"दॅट्स नॉट अ टॉवेल," वेदांग हळू आवाजात म्हणाला. "दॅट्स आईची..."

पाणी तेवढं चालत राहिलं.

बाबा पुढे आले. त्यांनी लिओच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अलगद बाजूला केलं. "नाही रे बाळा. ते माझं आहे." मग अहमदकडे वळून म्हणाले, "मैंने डाला था. फरवरी में आया था. किसी को बताया नहीं." पुढचं त्यांना हिंदीत सांगता आलं नाही. ते ईशानीकडे पाहून मराठीत बोलू लागले. "तुळस वाळली, ईशू. मला जानेवारीत दिसली. तुम्हाला दिसू नये असं वाटलं. घरात एक गोष्ट तिच्या हातची जिवंत होती, ती पण आपल्याकडून... तिला नदी आवडायची. मी म्हटलं, निदान हे पाणी तरी तिला पुढे घेऊन जाईल."

"एसी बंद होता, बाबा," ईशानी म्हणाली. "हिवाळ्यात एसी बंद असतो. तिला आईच पाणी घालत होती."

बाबांनी डोळे मिटले. "हो. ते मला नंतर कळलं."

"मला वाटायचं ती एसीच पिते," वेदांग म्हणाला, आणि गहव्याची सुरई पोटाशी धरून रडू लागला. ईशानीने त्याला जवळ ओढलं. मधे ओलं गाठोडं होतं, ते तसंच राहिलं.

कॅरल आंटींनी नबिला खालांना थोडक्यात, हलक्या आवाजात, तुळस म्हणजे काय ते सांगितलं. खाला ऐकत राहिल्या. मग काठी टेकत बाबांपाशी गेल्या.

"बेटा, तुमने नदी समझा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नदीचं पाणी समुद्राला जातं. हे पाणी कुठे जात नाही. डोंगरातून निघतं, घरात येतं आणि बागेत संपतं. यात जे सोडशील ते इथेच येऊन थांबेल." त्यांनी काठीने लिंबोणीच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. "इसके पास."

बाबांनी त्या झाडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच ईशानीने त्यांचे ताठलेले खांदे सैल पडलेले पाहिले.

दगडू इतका वेळ मान खाली घालून उभा होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. तो पिकअपकडे गेला, फावडं घेऊन आला. "साहेब, कुठं खणायचं तेवढं सांगा." अहमदकडे वळून त्याने मिक्सरच्या दिशेने हात हलवला. "सेठ, ये पानी पे मैं काँक्रीट नहीं डालेगा. दुसरा मुकादम बुलाव."

अहमदने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने एकदा खालांकडे पाहिलं, एकदा पिवळ्या पानांकडे. मग तो पाटाच्या काठाशी खाली बसला आणि पाण्यात बोटं बुडवून पाहिली, जणू ते खरं आहे का याची खात्री करत होता. "मैंने देखा ही नहीं," तो म्हणाला. "एक बार झुक के देखता तो..." त्याने फोन काढला आणि मिक्सरवाल्यांना परत जायला सांगितलं. या वेळी त्यात इन्शाल्ला नव्हतं.

लिंबोणीच्या बुंध्याशी दगडूने खड्डा केला. बाबांनी तुळस साडीतून काढून मातीत ठेवली. साडी त्यांनी ईशानीच्या हातात दिली. तिघांनी, आणि मग लिओनेही, माती लोटली. पाटातून बाबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि वर ओतलं. ईशानीने खालून आपली ओंजळ लावली.

"मेरे अब्बा इस फलज के अरीफ थे," नबिला खाला मुलांना म्हणाल्या. "अरीफ म्हणजे पाण्याचा जाणता. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुणाच्या वाट्याला जातं, ते ज्याला कळतं तो. ते गेल्यावर या घरात अरीफ झाला नाही." त्यांनी तिघांच्या डोक्यांवरून एकामागून एक हात फिरवला. "आज तीन मिले."

"मी फक्त कॉफी ओतली," वेदांग नाक पुसत म्हणाला.

"हां जी, ओतली," दगडू म्हणाला. "छातीत ढोल वाजतोय माझ्या. आज रात्रभर झोप नाही. बाळा, नाही म्हणायचं असलं तर काय करायचं असतं?"

वेदांगने रिकामा प्याला बोटांत धरून जरासा हलवून दाखवला. दगडूने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे आधी सांगायचं असतं रे," तो म्हणाला, आणि कॅरल आंटी डोळे पुसता पुसता हसल्या.

उन्हं डोंगरामागे गेली तेव्हा ईशानी पुन्हा त्या सपाट दगडावर येऊन बसली. मोरपंखी साडी धुऊन बोरीच्या फांदीवर वाळत घातली होती. मागून पावलं आली. बाबांनी बूट काढले, मोजे काढून त्यांत खोचले, आणि तिच्या शेजारी, दगडाच्या उरलेल्या जागेत, पाय पाण्यात सोडून बसले. गारव्याने त्यांनी श्वास आत ओढला.

"इतकं गार असतं?" ते म्हणाले. "ती कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी बसला नाहीत," ईशानी म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

मागच्या बागेतून लिओची हाक आली. "ईशानी, वेदांग, इकडे या. आली."

ती धावत गेली. लिंबोणीच्या आळ्यात पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि त्याच्या मधोमध, भिजून चपटी झालेली, एक बाजू कलंडलेली बोट तरंगत होती. तिच्यावरचं दगडी घर फिकट झालं होतं, खिडक्या पुसल्या गेल्या होत्या, हिरवं कुरण मात्र तेवढंच हिरवं होतं. ती बुंध्यापर्यंत गेली, ताज्या मातीला हलकेच टेकली आणि थांबली.

वेदांगने ती उचलायला हात पुढे केला. ईशानीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पोचली ती."